"शेफच्या हाताची जादू" म्हणता, पण हात होता कोणाचा?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या त्या टीव्हीवाल्या शेफच्या हॉटेलवर अर्धं पान आलंय, फोटोसकट, ते वाचलं आणि म्हटलं आता पत्र लिहायचंच. कारण त्याच हॉटेलात आम्ही चौघं पंधरा दिवसांपूर्वी जेवून आलोय, आणि तुमच्या लेखात जे आलंय त्यातलं बरंचसं खरं आहे पण जे आलंच नाहीये ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. हॉटेलचं नाव, शेफचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये.

मी इंदूरला रामबागेत राहते. तुमचा पेपर मोबाईलवर वाचते, रोज, शब्दकोडं सोडून सगळा. अठ्ठावीस वर्षं झाली, घरून दिवाळीचा फराळ आणि ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या करून देते, सणाच्या दिवशी दीडशे-दोनशे पोळ्या निघतात, त्यामुळे ही कोण बाई आणि हिला खाण्यातलं काय कळतं असं कोणी म्हणू नये म्हणून एवढं सांगितलं. शेफ लोकांबद्दल मला राग वगैरे अजिबात नाहीये, उलट १९९३ पासून झीवर खाना खजाना लागायचं ते मी वही घेऊन बघितलंय, संजीव कपूर "नमक स्वादानुसार" म्हणाले की सासूबाई पलंगावरून म्हणायच्या, म्हणजे किती ते नाही सांगणार मेला. ती वही अजून आहे माझ्याकडे, तेलाचे डाग पडलेली.

तर मुद्दा असा की तुमच्या लेखात "शेफच्या हाताची जादू" हे शब्द तीनदा आलेत, मी मोजले. एकदा दह्याच्या गोळीबद्दल, एकदा थालीपिठाबद्दल आणि एकदा आमच्या भुट्ट्याच्या, म्हणजे किसलेल्या मक्याच्या, किसाबद्दल. हात होता कुठे? आम्ही गेलो त्या आठवड्यात शेफ दुबईला होते, हे त्यांच्याच मॅनेजरने सांगितलं, आणि मुलाने मोबाईलवर दाखवलं तर तिथले फोटोही टाकलेले होते. दाराशी मात्र ते उभे होते, पुठ्ठ्याचे, माणसाएवढे, हाताची घडी घालून, आणि येणारा प्रत्येक जण त्या पुठ्ठ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होता. आमच्या ह्यांनीही काढला. मी नाही काढला असं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आणि सूनबाईने हे ठरवलं होतं. बुकिंग एक महिना आधी, दर माणशी दोन हजार अॅडव्हान्स, आला नाहीत तर परत नाही, आणि वेळ दोनच, एक संध्याकाळी सातची आणि दुसरी साडेनऊची, सातवाल्यांनी सव्वानऊला उठायचं. आमचे हे म्हणाले म्हणजे पंगतच की, पहिली पंगत दुसरी पंगत, फक्त वाढपी इंग्रजी बोलतो. मग मेसेज आला की कशाची अॅलर्जी आहे का, कांदा-लसूण चालतो का, काही खास दिवस आहे का, हे मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू, आपल्याकडे लग्नात पाचशे माणसं जेवतात पण कोणी विचारत नाही की आजोबांना शेंगदाण्याचा त्रास आहे का. आणि एक मेसेज असा की कपडे "स्मार्ट कॅज्युअल". ह्यांनी तो शब्द सूनबाईला तीनदा विचारला आणि शेवटी माहेश्वरी जरीकाठाचं उपरणं घालून आले, ते तिथल्या सगळ्यात स्मार्ट माणूस दिसत होते हे मी बायको म्हणून नाही, खरंच सांगते.

आत अंधार. म्हणजे दिवे होते पण प्रत्येक टेबलावर वरून एकच गोल उजेड, डॉक्टरकडे दात काढायला बसल्यासारखा, आणि मेनूकार्ड काळ्या कागदावर सोनेरी अक्षरात, मग सगळ्यांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या. बाजूच्या टेबलवर पण बॅटरी, त्याच्या पलीकडे पण बॅटरी. लेखात "मंद, काव्यमय प्रकाशयोजना" म्हटलंय. ठीक आहे.

टेस्टिंग मेनू म्हणजे आपण काही मागवायचं नाही, ते अकरा गोष्टी आणून देतात एकामागून एक, घासा-घासाच्या. लोक त्याची चेष्टा करतात की एवढ्याशा बशीत एवढंसं, मला ती चेष्टा पटत नाही. अकरा घास नीट विचार करून केलेले असतील तर पोट भरतं आणि माणूस गप्प बसून जेवतो, आणि गप्प बसून जेवणं आमच्या घरात चाळीस वर्षांत घडलेलं नाही. पहिली ती दह्याची गोळी, चमच्यात पांढरी, अंड्याच्या बलकाएवढी, तोंडात ठेवली की पटकन फुटते आणि आतून दही, जिरं, थोडी मिरची. तुमच्या लेखात ही शेफची "स्वतःची कल्पना" म्हटलीये, ती काही त्यांची नाही हो. स्पेनमध्ये एल बुल्ली म्हणून हॉटेल होतं, फेरान आद्रिया या शेफचं, २०११ ला बंद झालं, तिथून ही गोळ्यांची विद्या जगभर पसरली, आणि दह्याची गोळी बँकॉकला गगन आनंद या शेफने प्रसिद्ध केली. त्यात जादू पण नाही. समुद्री शेवाळापासून काढलेली एक पावडर असते, सोडियम अल्जिनेट, ती पाण्यात विरघळवायची आणि त्यात चमच्याने दही सोडायचं, दह्यातलं कॅल्शियम त्या पाण्याला भेटलं की गोळीभोवती पातळ साय धरते, आत पातळच राहतं, मग अलगद झाऱ्याने काढून साध्या पाण्यात धुवायचं. सूनबाईने ऑनलाईन पावडर मागवली आणि परत आल्यावर आम्ही घरी केली, पहिल्या दहा गोळ्या फुटल्या, अकरावी जमली. म्हणजे विद्या सोपी आहे पण हात बसावा लागतो. आणि मी त्याच हाताबद्दल बोलतेय.

थालीपीठ रुपयाएवढं होतं, त्यावर धुरी दिलेलं लोणी, आणि ते लोणी, काय सांगू, मी डोळे मिटले. कोळशावर तूप टाकून झाकण ठेवून धुरी देतात तशी दिली असावी पण लोण्याला इतकी हळू की जळका वास नाही, नुसता चुलीचा वास. कोकमाचा बर्फ पण सुंदर, मधेच दिला होता, जीभ धुवून निघावी म्हणून. पुरणपोळीबद्दल मी काही बोलणार नाही. काचेच्या ग्लासात पुरण, त्यात पोळीचे कुरकुरीत तुकडे खोचलेले आणि वर कटाच्या आमटीचा फेस, गोडाबरोबर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, मुलगा म्हणाला आई प्लीज.

गोष्ट बिघडली ती गोष्टींमुळे. म्हणजे प्रत्येक ताटलीबरोबर वेटर एक गोष्ट सांगतो, पाठ केलेली, हात मागे बांधून. थालीपीठ आलं तेव्हा शेफची आजी नागपूरला चुलीवर करायची. तिसऱ्या ताटलीला शेफच्या आजीचं कोकणात कोकमाचं झाड होतं. आणि सहाव्याला भुट्ट्याचा कीस आला, इवल्याशा पितळी कढईत, तर शेफची आजी इंदूरला होती, पावसात सगळ्या नातवंडांना गोळा करून कीस करायची. आता टीव्हीवर हेच शेफ सांगतात की ते लहानपणी मध्य प्रदेशात कधी आलेच नव्हते, मी स्वतः तो भाग बघितलाय. मी त्या मुलाला विचारलं, "बेटा, ये दादी कितनी जगह रहती थीं?" तो हसला बिचारा, म्हणाला, "मॅम, हमें यही बताया है." आमचे हे म्हणाले बदलीची नोकरी असेल आजीची, आम्ही एमपीईबीत, म्हणजे मध्य प्रदेशच्या वीज मंडळात, काढली तशी.

हसण्यावारी नेलं आम्ही, पण मला ते लागलं. कारण तो कीस चांगला होता. आणि भुट्ट्याचा कीस चांगला करणं म्हणजे काय हे ज्यांनी केलाय त्यांनाच माहीत. कणसं किसणीवर किसायची, दाणे सोलून मिक्सरला लावले की चिकट लापशी होते, किसणीवर किसलं की साल कणसाला राहते आणि दुधाळ गर खाली पडतो. बोटांची सालं निघतात, दोन कणसं झाली की किसणी बदलून दुसऱ्या हाताने. मग तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद, त्यात तो कीस टाकून परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत, मग दूध घालायचं, थोडं थोडं, आणि उलथनं थांबवायचं नाही. थांबलं की खाली लागतं, आणि लागलेल्या दुधाचा वास मग काही केलं तरी जात नाही, लिंबू पिळा, कोथिंबीर घाला, आमचा इंदुरी जिरावन मसाला घाला, तो वास येतोच. कढईच्या कडेने तूप सुटायला लागलं, दाणा मोकळा झाला की झालं. चार माणसांचा कीस म्हणजे अर्धा पाऊण तास उभं राहणं आहे. त्या कढईत तो दाणा मोकळा होता, तूप सुटलेलं होतं, खाली लागलेलं नव्हतं. कोणीतरी उभं राहिलं होतं. दुबईत नाही, इथे, त्या भिंतीच्या पलीकडे.

फक्त गोड होता, जास्त गोड, आणि जरा पाणचट, ते मी लगेच ओळखलं की अमेरिकन मका वापरलाय. कीस देशी भुट्ट्याचाच होतो, तो पावसात येतो, कणीस कोवळं पण दाणा घट्ट हवा, अमेरिकन मक्यात साखर आणि पाणीच फार.

मी वेटरला म्हटलं ज्याने हे केलंय त्याला भेटता येईल का. तो गेला आणि मॅनेजर आला. मॅनेजर म्हणाला शेफ आज नाहीत मॅम, दुबईत आहेत, पण तुमचा मेसेज नक्की पोचवू. मी म्हटलं मला शेफ नकोत, मला ज्याने कढई ढवळली तो हवाय. तो म्हणाला मॅम ये टीम एफर्ट है. मी म्हटलं टीमला बोलवा. मुलगा टेबलाखालून माझा पाय दाबत होता. दहा मिनिटं गेली, दोन ताटल्या आल्या गेल्या, आणि मग एक पोरगा आला, पंचवीस-सव्वीसचा असेल, काळा अॅप्रन, त्यावर शेफचं नाव भरतकाम केलेलं, काळे हातमोजे, आणि तोंड असं की आता नोकरी गेली. हातमोजे काढ म्हटलं आधी. काढले. मनगटावर तेल उडाल्याचे डाग, जुने आणि नवे, माझ्या हातावर आहेत तसेच.

मी विचारलं, दूध कितनी बार में डाला? त्याचा चेहराच बदलला. म्हणाला चार बार में, मॅम. कितनी देर? पैंतीस-चालीस मिनट. दोपहर में बना के रखते हैं, सर्विस में घी में फिर से खोलते हैं. कुठला तू, तर उत्तराखंडचा, टिहरीकडचा. इंदूरला कधी आलाय का, तर नाही, कधीच नाही, त्याने मोबाईलवर बायकांचे व्हिडिओ बघून बघून शिकलंय, शेफनी नुसतं सांगितलं होतं की इंदूरचं काहीतरी ठेवा मेनूत, पंधरा दिवस रोज करून बघितलं, पहिला आठवडा रोज खाली लागायचं, ते स्टाफच्या जेवणात जायचं आणि सगळे ह्याला शिव्या द्यायचे. मी म्हटलं मका बदल, देशी घे, आता सीझन आहे, दादरच्या मंडईत मिळेल, आणि हिंग थोडा वाढव, तुमच्याकडे एसीत वास बसून जातो. त्याने अॅप्रनच्या खिशातून मार्कर काढला, कमरेच्या टेपच्या रोलचा, ते डब्यांवर तारीख लिहून चिकटवतात ना तो टेप, एक तुकडा फाडला, त्यावर लिहिलं "देसी / हींग +" आणि मनगटावर चिकटवला. मॅनेजर बघत होता. वाकून नमस्कार करून गेला पोरगा.

हे सगळं तुमच्या लेखात असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. लेखकाने तर अर्धा लेख त्या आजीवर खर्च केलाय, ती इंदूरवाली आजी, पावसात नातवंडं गोळा करणारी.

आता कोणी म्हणेल की बाई, मोठे शेफ स्वतः थोडेच कढई ढवळतात, ते तर आर्किटेक्टसारखे, घर गवंडीच बांधतो. मान्य. दहा ठिकाणी हॉटेलं असली की माणूस दहा ठिकाणी उभा राहू शकत नाही, नाव द्यायचं, मेनू बसवून द्यायचा, पोरांना ट्रेनिंग द्यायचं, यात काही चोरी नाही. पण मग नाव सांगायला काय हरकत आहे? लंडनला गॉर्डन रॅमसेच्या चेल्सीतल्या हॉटेलला २००१ पासून मिशलिन या हॉटेलं पारखणाऱ्या गाईडचे तीन स्टार, म्हणजे सगळ्यात वरचे, आहेत, तो टीव्हीवर शिव्या देत फिरतो तेव्हा तिथलं किचन क्लेअर स्मिथ नावाची बाई बघायची हे सगळ्या जगाला माहीत होतं, छापून यायचं, आणि मग तिने स्वतःचं हॉटेल काढलं तर तिला पण तीन स्टार मिळाले. मुंबईत मास्क म्हणून हॉटेल आहे, शेफ प्रतीक साधू तिथून गेले तेव्हापासून वरुण टोटलानी किचन सांभाळतात हे उघड आहे, कोणी लपवत नाही. दुबईत ट्रेसिंड स्टुडिओ या हॉटेलला २०२५ मध्ये तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाला जगात पहिल्यांदा, त्यात हिमांशु सैनींचं नाव पहिलं येतं कारण ते तिथे असतात. आपल्या देशात मिशलिनवाले येतच नाहीत अजून, म्हणजे इथे तपासणारा तुमचा पेपरवालाच, दुसरं कोणी नाही. म्हणून तर तुम्हाला लिहितेय.

सराफ्याचं, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीचं, उदाहरण देणार नव्हते, कारण इंदूरचं माणूस लेख लिहायला बसलं की दुसऱ्या ओळीत सराफा आणि तिसऱ्या ओळीत छप्पन दुकान येतंच, आणि मग सगळे म्हणतात की बघा भिया, आमचं स्वस्तातलं किती भारी. मला ते म्हणायचं नाहीये. मी बघितलं तेव्हा सराफ्यात अर्ध्या गाड्यांवर मोमो आणि नूडल्स होते, धुराने डोळे चुरचुरतात, आणि मी दोन वर्षांत एकदा गेले असेन तेही पाहुणे आले म्हणून. पण एक आहे, सोन्याची दुकानं बंद झाली की रात्री त्याच ओट्यांसमोर जे बसतात त्यांचा हात दिसतो. जोशींचा दहीवडा लोक खायला कमी आणि बघायला जास्त जातात, दहीवड्याचा द्रोण वर उडवून झेलायचा, आणि एकाच चिमटीत चार-पाच मसाले धरून एकेक वेगळा सोडायचा, मीठ पडतं तेव्हा मीठच पडतं, तिखट पडतं तेव्हा तिखटच. थंडीत गराडूवाला त्या कंदाचे तुकडे तळून काढतो, परत तळतो, लिंबू पिळतो, जिरावन मारतो, सगळं तुमच्या नाकासमोर. त्याला आजी सांगावी लागत नाही.

बिलाचं पण लिहिते कारण लेखात एक ओळ आहे "दर अर्थातच चढे आहेत" आणि त्याच्यापुढे काही नाही. माणशी साडेपाच हजार, चौघांचे बावीस हजार. पाण्याच्या दोन बाटल्या साडेतीनशेप्रमाणे सातशे, त्यावर मी काही बोलले नाही कारण हॉटेलात बसवून पाजलेलं पाणी छापील किमतीपेक्षा जास्तीत विकता येतं असं सुप्रीम कोर्टानेच २०१७ मध्ये म्हटलंय, फक्त आम्हाला विचारलं तेव्हा "स्टिल ऑर स्पार्कलिंग" एवढंच विचारलं, साधं, बिनबाटलीचं पाणी हा पर्याय त्यात नव्हताच, मागितलं असतं तर दिलं असतं हे मला नंतर कळलं. मग दहा टक्के सर्व्हिस चार्ज, २,२७०. आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण २६,२१८ रुपये ५० पैसे.

आता सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, सरकारला जात नाही, आणि बिलात आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं, हॉटेलवाले त्याच्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये कोर्टाने प्राधिकरणाचंच बरोबर ठरवलं. तरी इथे छापलेला होता, बारीक अक्षरात, आणि त्या अंधारात. मुलाला लाज वाटत होती, असू दे ना आई, आज काय हिशोब करतेस. मी म्हटलं मी रोजच हिशोब करते, एका पोळीला किती तूप लागतं हे मला पैशात माहीत आहे. मॅनेजरला विचारलं हे पैसे किचनमधल्या पोराला मिळतात का, तर तो म्हणाला कंपनी पॉलिसी आहे मॅम. मग काढा म्हटलं. काढले, वाद नाही घातला, हे पण सांगायला हवं, दोन मिनिटांत नवं बिल आलं २३,८३५ चं. नसते काढले तर १९१५ ला फोन करायचा, ग्राहक हेल्पलाईन आहे, वाचकांना उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. जे वाचले त्यातले हजार रुपये मी पाकिटात घालून त्या पोराला द्यायला सांगितले. पोचले की नाही कोण जाणे, वेटरच्या चेहऱ्यावरून वाटलं पोचतील.

सव्वानऊला उठवलं बरोबर. दुसरी पंगत बाहेर उभी होती, पुठ्ठ्याबरोबर फोटो काढत.

तर संपादक महोदय, माझं मागणं फार मोठं नाहीये. तुमचे लेखक तिथे बोलावलेले पाहुणे म्हणून गेले होते का स्वतःचे पैसे देऊन, ते लेखाच्या खाली एका ओळीत छापत जा. पाहुणे म्हणून गेले असतील तर काही पाप नाही, आम्हाला फक्त कळू दे, कारण पाहुण्याच्या पानात आमच्या पानापेक्षा चार गोष्टी जास्त पडतात हे लग्नाच्या पंगतीतपण बघितलंय. आणि त्या रात्री शेगडीवर कोण होतं ते विचारत जा. दहा मिनिटं लागतात, मी विचारलं, मला सांगितलं.

त्या पोराचं नाव मला माहीत आहे, त्याने सांगितलं, पण मी इथे लिहीत नाहीये. मॅनेजर बाजूलाच उभा होता, आणि पोराला घरी पैसे पाठवायचे असतात. ते नाव त्या हॉटेलने स्वतःच छापावं, मेनूच्या काळ्या कागदावर, सोनेरी अक्षरात, आम्ही मोबाईलची बॅटरी लावून वाचू.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर

ता. क. : लेखातल्या फोटोखाली भुट्ट्याच्या किसाला "मक्याचा उपमा" म्हटलंय. निदान तेवढं तरी पुढच्या रविवारी दुरुस्त करा, इथे वाड्यातल्या सगळ्या बायका चिडल्यात.